अ‍ॅबिलीनचा मार्शल टॉम स्मिथ (१८७०) : बंदुका उतरवून घेणारा माणूस

कृष्णाकाठ

मागच्या महिन्यात आई-अण्णा आमच्याकडे अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या विचिटाला आले होते. इथून उत्तरेला गाडीनं दीड तासावर अ‍ॅबिलीन नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम साडेसहा हजार. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर त्या गावात लहानाचे मोठे झाले, त्यांचं घर आणि संग्रहालय तिथे आहे, म्हणून लोक जातात. आम्हीही त्यासाठीच गेलो होतो. ते बघून झाल्यावर नवऱ्यानं गाडी गावाच्या दफनभूमीकडे वळवली आणि म्हणाला, "अण्णा, तुमच्या खात्यातला एक माणूस दाखवतो."

अण्णा तेहेतीस वर्षं पोलिसात होते. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले.

आजूबाजूला गुळगुळीत घडवलेले दगड आणि मध्येच एक ओबडधोबड ग्रॅनाइटची शिळा. छिन्नी न लागलेली, डोंगरातून उचलून आणल्यासारखी. तिच्यावर ब्राँझची पाटी. थॉमस जे. स्मिथ, अ‍ॅबिलीनचा मार्शल (म्हणजे गावानं नेमलेला पोलीस प्रमुख), १८७०. कर्तव्य बजावताना २ नोव्हेंबर १८७० रोजी हुतात्मा झाला, आणि गुराख्यांच्या बेबंदशाहीत यानं कायद्याचं राज्य आणलं, अशा अर्थाचा मजकूर. तिथे वारा इतका होता की आईला पदर दोन्ही हातांनी धरावा लागत होता. नवऱ्यानं पाटी वाचून मराठीत सांगितली. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि लागोपाठ तीन प्रश्न विचारले.

"पगार किती होता त्याला?"

"वॉरंट कुणाच्या हद्दीतलं?"

"आणि बरोबर माणसं किती होती?"

मी इथे सात वर्षं राहते. या माणसाबद्दल थोडंफार वाचलंही होतं, पण हे तीन प्रश्न मला कधी पडले नव्हते. परतीच्या वाटेवर आणि नंतर आठवडाभर आम्ही तिघं त्यावरच बोलत होतो. ते सगळं इथे लिहून ठेवते.

आधी गावाबद्दल. १८६७ पर्यंत अ‍ॅबिलीन म्हणजे लाकडी ओंडक्यांच्या डझनभर झोपड्या. त्या वर्षी इलिनॉयचा जोसेफ मॅकॉय नावाचा गुरांचा व्यापारी आला. नवा रेल्वेमार्ग गावाला लागून जात होता. त्यानं रुळाशेजारी जमीन घेतली, गुरांसाठी मोठमोठे वाडे बांधले, हॉटेल उभं केलं आणि टेक्सासला निरोप धाडले की गुरं इकडे आणा. टेक्सासात चार-पाच डॉलरला मिळणारं जनावर उत्तरेच्या बाजारात तीस-चाळीस डॉलरला जायचं. ५ सप्टेंबर १८६७ ला वीस डबे भरून पहिली गाडी शिकागोकडे निघाली. पहिल्याच हंगामात ३५,००० गुरं आली, पुढे तर दरवर्षी लाखांत.

गुरांबरोबर गुराखी आले. विशी-बाविशीची पोरं, दोन-तीन महिने घोड्यावर, धुळीत, शेकडो मैलांची चाल. गावात पोचली की हातात एकरकमी पगार. समोर दारूचे गुत्ते, जुगार, आणि कमरेला पिस्तूल. पुढचं सांगायला नको. १८६९ मध्ये गावाला नगरपालिका मिळाली. थिओडोर हेन्री नावाच्या तरुण नगराध्यक्षानं गावात हत्यार बाळगायला बंदी केली आणि तशा पाट्या लावल्या. गुराख्यांनी त्या पाट्या गोळ्या घालून चाळणीसारख्या केल्या. दगडी तुरुंग बांधायला घेतला तर तो बांधकाम चालू असतानाच पाडला. पुन्हा पहारा बसवून बांधला. त्यात पहिला कैदी पडला तो एका तळावरचा काळा स्वयंपाकी. त्याच्या सोबत्यांनी येऊन कुलूप फोडून त्याला नेला. मग सेंट लुईसहून दोन अनुभवी पोलीस मागवले. ते सकाळी आले, गाव पाहिलं आणि त्याच दिवशी परतीच्या गाडीनं निघून गेले.

अशा वेळी टॉम स्मिथ आला. मूळचा न्यू यॉर्कचा. रेल्वेच्या कामावर पश्चिमेला आलेला. १८६८ मध्ये वायोमिंगमधल्या बेअर रिव्हर सिटी या रेल्वेवस्तीत मोठी दंगल झाली, तीत तो पुढे होता आणि जखमीही झाला. तेव्हापासून 'बेअर रिव्हर स्मिथ' हे नाव चिकटलं. हेन्रीनं आधी त्याला घेतलं नव्हतं. बाकीचे उपाय थकल्यावर तार करून बोलावून घेतलं. स्मिथ गावातून एक फेरी मारून आला आणि म्हणाला की जमेल, पण आधी बंदुका खाली ठेवायला लावल्या पाहिजेत. ४ जून १८७० ला नेमणूक झाली.

अण्णांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : महिना १५० डॉलर, आणि शिक्षा लागलेल्या प्रत्येक खटल्यामागे २ डॉलर. तेव्हा गुराख्याला महिन्याला तीस-चाळीस मिळायचे. अण्णा म्हणाले, "पगार बरा होता. पण ते दोन डॉलर नको होते. त्यानं माणूस केसेसच्या मागे लागतो."

हा माणूस तसा लागला नाही, हे विशेष. पहिल्याच शनिवारी बिग हँक नावाचा एक दांडगा हत्यार द्यायला नकार देऊन शिव्या द्यायला लागला. स्मिथकडे पिस्तूल होतं, त्याला हात लावला नाही. एक ठोसा, माणूस आडवा, हत्यार काढून घेतलं आणि गाव सोडायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वायोमिंग फ्रँक नावाचा दुसरा आला. स्मिथ सरळ त्याच्या अंगावर चालत गेला, इतका जवळ की त्याला पिस्तूल काढायला जागाच राहिली नाही. मागे सरता सरता फ्रँक गुत्त्यात शिरला आणि तिथेच आडवा झाला. गुत्त्यात सगळे गप्प. मग गुत्तेवाल्यानं स्वतःचं पिस्तूल काढून स्मिथपुढे केलं, आणि बाकीच्यांनीही. तिथून पुढे गावात शिरताना हत्यारं जमा करायची आणि जाताना न्यायची, हा रिवाज पडला. स्मिथ सिल्व्हरहील्स नावाच्या करड्या घोड्यावर बसून रस्त्याच्या मधोमध फिरायचा. कडेनं नाही. अण्णांना हे फार आवडलं. "कडेनं फिरला की लोकांना वाटतं घाबरतोय."

पाचच महिने. मग २ नोव्हेंबर.

अण्णांच्या बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं तिथे आहेत आणि तीच मला टोचतात. गावापासून सुमारे दहा मैलांवर अँड्र्यू मॅककॉनल नावाचा शेतकरी राहायचा. २३ ऑक्टोबरला जॉन शे नावाचा शेजारी त्याच्या जमिनीतून गुरं हाकत होता. त्यावरून भांडण जुंपलं आणि मॅककॉनलनं शेला गोळी घातली. स्वसंरक्षण म्हणून तो सुटला, कारण मोझेस माइल्स नावाच्या त्याच्या सोबत्यानं तशी साक्ष दिली. पण शेजाऱ्यांना ते पटेना. त्यांनी पुरावा पुढे आणला आणि वॉरंट निघालं. हे काम गावच्या मार्शलचं नव्हतं, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरीफचं होतं. ते स्मिथनं अंगावर घेतलं. बरोबर एकच माणूस, मॅकडोनाल्ड नावाचा डेप्युटी.

मॅककॉनल डगआउटमध्ये राहायचा. त्या माळावर झाड नव्हतं, लाकूड नव्हतं, म्हणून लोक टेकडीच्या उतारात खोदून खोली करायचे आणि पुढून मातीची ढेपळं रचून दार बसवायचे. स्मिथ आत गेला आणि वॉरंट असल्याचं सांगितलं. मॅककॉनलनं छातीत गोळी घातली. तशाही अवस्थेत स्मिथनं उलट गोळी झाडून त्याला जखमी केलं आणि त्याला धरलं. बाहेर माइल्स आणि मॅकडोनाल्ड समोरासमोर होते. मॅकडोनाल्ड तिथून निघून गेला. माइल्सनं आधी बंदुकीच्या दस्त्यानं आणि मग कुऱ्हाडीनं स्मिथला मारलं. डोकं धडापासून जवळजवळ वेगळं झालं होतं.

पिस्तुलाला हात न लावता ज्यानं आख्खं गाव शांत केलं, तो दुसऱ्याच्या हद्दीतलं वॉरंट बजावताना एका शेतकऱ्याच्या खोपटात गेला. अंत्ययात्रेला गाव लोटला होता. मोकळं खोगीर चढवलेला सिल्व्हरहील्स शवपेटीमागून चालत होता.

---

जुनीपानं

फार चांगला धागा, ताई. थोडी भर घालतो.

स्मिथनंतर १८७१ च्या एप्रिलमध्ये मार्शल म्हणून आला तो वाइल्ड बिल हिकॉक. त्याचं नाव जगाला माहीत आहे. त्याची पद्धत उलटी. तो बहुतेक वेळ जुगाराच्या टेबलावर असायचा आणि दरारा सगळा पिस्तुलाचा. ५ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री फिल को या जुगाऱ्याशी त्याची गोळाबारी झाली. को मेला, आणि त्याच गोंधळात मदतीला धावत आलेला हिकॉकचा स्वतःचाच माणूस, माइक विल्यम्स, हिकॉकच्या गोळीनं मेला. डिसेंबरात नगरपालिकेनं हिकॉकला काढून टाकलं. म्हणजे जेमतेम आठ महिने.

आयसेनहॉवरना लहानपणापासून टॉम स्मिथचं अतोनात कौतुक होतं. गावी आले की ते त्याच्या कबरीवर जात. पण २३ नोव्हेंबर १९५३ ला वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून बोलताना गावाची ओळख करून द्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी नाव घेतलं हिकॉकचं. वाइल्ड बिल हिकॉक बराच काळ आमचा मार्शल होता, असं सांगितलं. ज्यांच्या मनात स्मिथ होता त्यांनाही चारचौघांत हिकॉकच सांगावा लागला. ऐकणाऱ्यांना तोच माहीत होता ना. मला हे फार लागतं. ज्यानं माणसं मारली त्याच्या गोष्टी झाल्या, ज्यानं मारायची वेळ येऊ दिली नाही त्याच्या होत नाहीत.

---

मध्यरात्र

त्या काळातल्या छोट्या गावांच्या मार्शलांबद्दल मी बरंच वाचलं आहे. एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. यातले कितीतरी जण दरोडेखोरांशी लढताना मेलेले नाहीत, कुणाच्या तरी हातातलं हत्यार काढून घेताना मेलेत.

डॉज सिटीचा मार्शल एड मास्टरसन : ९ एप्रिल १८७८, दारू प्यायलेल्या गुराख्याचं पिस्तूल काढून घेताना. अ‍ॅरिझोनातल्या टूमस्टोनचा पहिला मार्शल फ्रेड व्हाइट : १८८० च्या ऑक्टोबरमध्ये त्यानं कर्ली बिल नावाच्या माणसाच्या पिस्तुलाची नळी धरून ओढली आणि गोळी सुटली. दोन दिवसांनी गेला, पण मरायच्या आधी सांगून गेला की त्यानं मुद्दाम मारलं नाही. त्या जबाबावर कर्ली बिल सुटला. मरणाच्या दारात असताना ज्याच्या गोळीनं मरतोय त्याच्या बाजूनं खरं बोलणं, हे मी विसरू शकत नाही.

आणि बिल टिल्गमन. सत्तरीचा म्हातारा, आयुष्यभर हेच काम केलेला. ओक्लाहोमातल्या क्रॉमवेल या तेलाच्या गावानं शांतता राखायला त्याला बोलावलं. १ नोव्हेंबर १९२४ च्या रात्री तर्र झालेल्या एका सरकारी दारूबंदी अधिकाऱ्यानं त्याला गोळ्या घातल्या. तो अधिकारीही खटल्यातून सुटला.

टूमस्टोनची सिनेमांतून गाजलेली गोळाबारी (२६ ऑक्टोबर १८८१) सुरू झाली तीही गावात हत्यार आणायला बंदी होती म्हणूनच. सिनेमे बघून वाटतं की तिकडे सगळे कमरेला पिस्तूल लावून फिरायचे. त्यातल्या बऱ्याच गावांत ते बेकायदा होतं, आणि तो कायदा राबवताना पोलीस मरत होते.

---

कृष्णाकाठ

@मध्यरात्र, फ्रेड व्हाइटचं मला माहीत नव्हतं. अण्णांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

स्मिथचं यापेक्षा वेगळं एवढंच की जे काम तो रोज करायचा त्यात तो मेला नाही. हत्यारं काढून घेण्यात त्याचा हात बसला होता. मेला तो कागद बजावताना.

---

पांदण

ताई, तुम्ही गुराख्यांवर लिहिलं, मी जरा त्या शेतकऱ्याच्या बाजूनं बोलतो. खुनाची बाजू घेत नाही, भांडणाची सांगतो. आम्ही यवतमाळकडचे, कापूस-तुरीवाले. उभ्या पिकात गुरं शिरली की काय होतं ते पाहिलेलं आहे. गुरं कोंडवाड्यात घालण्यावरून सख्ख्या भावांच्या पिढ्या एकमेकांशी बोलत नाहीत. आमच्याकडे निदान धुरा असतो, काट्यांचं कुंपण घालता येतं. त्या माळावर काय घालणार? ताईच म्हणतात, झाड नाही. काटेरी तारेचं ज्या पेटंटमुळे जगभर पेव फुटलं ते ग्लिडनचं पेटंट १८७४ चं. म्हणजे १८७० मध्ये पिकाला आडोसाच नाही.

त्यात १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर मिळायचे, पण पाच वर्षं तिथे राहून जमीन कसली तर. एक हंगाम गुरांनी तुडवला की घरात दाणा नाही.

शिवाय टेक्सासच्या गुरांची वेगळीच धास्ती होती. ती गुरं स्वतः धडधाकट असायची, पण ज्या रानातून जायची तिथली गावठी गुरं पटापट मरायची. कारण कुणाला कळेना. थिओबाल्ड स्मिथ (हा दुसरा स्मिथ) आणि किलबर्न या शास्त्रज्ञांनी १८९३ मध्ये सिद्ध केलं की तो रोग गोचिडांतून पसरतो. साधी गोचीड. आम्ही लहानपणी बैलाच्या कानातून उपटून राखेत टाकायचो ती. कॅन्ससनं टेक्सासच्या गुरांवर बंदीचा कायदाही केला होता, आणि अ‍ॅबिलीन त्या बंदीच्या हद्दीत येत होतं. पण धंदा मोठा होता, सगळ्यांनी डोळेझाक केली.

म्हणून त्या काळी तिथल्या शेतकऱ्याला गुरं दिसली की डोक्यात तिडीक जात असणार. टॉम स्मिथनं गावातले गुराखी सरळ केले आणि मेला तो जमीन आणि गुरं यांच्या भांडणात. ते भांडण गावाच्या वेशीबाहेर चालू होतं. त्याला ठोसा पुरत नाही.

---

जुनीपानं

@पांदण, अगदी नेमकं. आणि शेवटी जिंकलं कोण बघा. १८७२ च्या फेब्रुवारीत हेन्री आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी टेक्सासच्या व्यापाऱ्यांना जाहीर कळवलं की यंदा गुरं घेऊन इकडे येऊ नका. धंदा एल्सवर्थ, विचिटाकडे गेला. अ‍ॅबिलीन गव्हाचं गाव झालं, आणि त्या भागात हिवाळी गहू रुजवणाऱ्यांत हाच हेन्री पुढे होता.

---

कलम_तीनशेदोन

वकिली करते म्हणून एक मुद्दा. शेच्या खुनात मॅककॉनल पहिल्यांदा सुटला तो एका साक्षीवर. घटना पाहणारा एकच माणूस, आणि तोही आरोपीचा सोबती. असा साक्षीदार समोर आला की आम्ही आधी विचारतो, याचा यात काय हितसंबंध? इथे तो साक्षीदार दहा दिवसांत स्वतःच खुनी झाला. शेजाऱ्यांना त्याचं खरं वाटलं नव्हतं, ते बरोबर होते. त्यांचं ऐकून वॉरंट काढणारा न्यायाधीशही बरोबर होता. सगळे बरोबर होते आणि तरी स्मिथ मेला.

दोघांना शिक्षा काय झाली, ताई?

---

कृष्णाकाठ

ते काही दिवसांत पकडले गेले. १८७१ मध्ये खटला होऊन माइल्सला १६ वर्षं आणि मॅककॉनलला १२ वर्षं. लोकांना फाशी हवी होती. पण गावानं त्यांना झाडाला लटकावलं नाही, कोर्टापुढे उभं केलं. काही महिन्यांपूर्वी जिथे गुराख्यांनी तुरुंग पाडला होता ते गाव हे. माझ्या मते स्मिथची खरी कमाई ती.

---

निशिगंध

सगळं वाचलं. डोळ्यांत पाणी आलं. पण मला त्या मॅकडोनाल्डचा राग येतोय. आपला वरिष्ठ आत गोळी लागून झटापट करतोय आणि हा पळून जातो? तो थांबला असता तर माइल्सला कुऱ्हाड उचलायला वेळ मिळाला असता का? स्पष्टच लिहिते, पळपुटा होता. पाटीवर एकाचं नाव आहे ते बरं आहे.

---

मध्यरात्र

@निशिगंध, मला तसं वाटत नाही. समोर बंदूक रोखलेली असताना कोण काय करेल, हे घरी बसून ठरवू नये. त्यानं निदान शेजारच्या वस्तीवर जाऊन खबर दिली, म्हणून आरोपींचा माग काढता आला.

---

निशिगंध

खबर द्यायला जाणं वेगळं आणि सोडून जाणं वेगळं. माझे मामा सैन्यात होते, ते नेहमी सांगायचे, जोडीदाराला सोडायचं नसतं. मी माझ्या मतावर ठाम आहे.

---

वेशीबाहेर

कबरीबद्दल विचारायचं होतं. ती शिळा १८७० चीच आहे का? इतकी मोठी वाटते.

---

कृष्णाकाठ

नाही. सुरुवातीला साधी कबर होती आणि चौतीस वर्षं ती तशीच दुर्लक्षित पडून होती. १९०४ मध्ये गावानं त्याला नव्या जागी पुन्हा दफन केलं आणि तेव्हा ही शिळा बसवली. त्या समारंभात भाषण करायला हेन्री आला होता, ज्यानं त्याला नेमलं होतं तोच. तोवर तो कोलोरॅडोत राहायला गेला होता, म्हातारा झाला होता. स्मिथबद्दल आज जे आपल्याला माहीत आहे त्यातलं बरंचसं हेन्रीनं लिहून ठेवलेल्या आठवणींतून आलंय. नेमणूक करणाऱ्या साहेबानं चौतीस वर्षांनी येऊन आपल्या माणसाबद्दल उभं राहून बोलणं, हे अण्णांना सगळ्यात जास्त भावलं.

अण्णा आता परत गेलेत. काल फोनवर मी त्यांना मॅकडोनाल्डवरची चर्चा वाचून दाखवली. ते म्हणाले, मी सांगतो ते लिहून घे. जसं सांगितलं तसं टाकते.

---

कृष्णाकाठ (अण्णांच्या वतीनं)

सर्वांना नमस्कार. मी फार लिहिणारा माणूस नाही. निशिगंधताईंचा राग समजतो. पण थोडं सांगतो.

वॉरंट बजावायला जाताना आम्ही आधी काय बघायचो? घराला दारं किती. मागून वाट आहे का. कुत्रं आहे का. आत बाया-पोरं आहेत का. त्या खोपटाला दार एकच होतं, टेकडीत खोदलेलं, म्हणजे आत अंधार. उन्हातून आत गेलेल्या माणसाला काही क्षण काही दिसत नाही, आतल्याला मात्र सगळं दिसतं. मी असतो तर त्याला बाहेर बोलावलं असतं. पाच तास बसावं लागलं असतं तरी बसलो असतो. दोन माणसं, समोर दोन हत्यारबंद, हे गणितच चुकीचं होतं. पण स्मिथला सवय लागली होती सरळ अंगावर चालत जायची. ती त्याला गुत्त्यात तारून गेली, कारण तिथे उजेड होता आणि चारचौघं बघत होते. खोपटात कोण बघतंय? हे मी त्याला नावं ठेवायला सांगत नाही. माझ्यापेक्षा तो मोठा माणूस.

आता मॅकडोनाल्डचं. माझी नोकरी नवी होती. घाटातल्या एका वाडीवर पकड वॉरंट घेऊन आम्ही दोघं गेलो, मी आणि माझ्याहून मोठे एक हवालदार. गाडी नाही, पायवाट. आरोपी जेवत होता. आम्हाला बघून हात धुवायला उठला आणि आड्याला खोचलेला कोयता काढला. पहिला वार माझ्या खांद्यावर बसला. मी खाली पडलो. हवालदार उंबऱ्यापाशी होते. ते वळले आणि उतारावरून खाली पळाले. मी त्यांची पाठ बघितली. त्या क्षणी मला जे वाटलं ते निशिगंधताईंना वाटतंय तेच.

अर्ध्या तासानं ते पोलीस पाटलांना आणि सहा-सात गडी माणसांना घेऊन वर आले. तोवर आरोपी पसार झाला होता आणि मी ओसरीवर रक्तात पडलो होतो. त्या माणसांनी मला घोंगडीच्या झोळीत घालून खाली आणलं. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर गेला असता तर राहिला नसता. हवालदार तिथे थांबले असते तर आम्ही दोघंही गेलो असतो, कारण आमच्या दोघांत एकच काठी होती आणि ती माझ्या हातातून सुटून पडली होती.

पण ठाण्यात त्यांना सगळे पळपुटा म्हणायला लागले. तोंडावर नाही, माघारी. मी दवाखान्यातून दीड महिन्यानं हजर झालो तेव्हा ते नाव पक्कं झालं होतं. मी तेव्हा जोरानं बोलायला पाहिजे होतं की हा माणूस पळाला म्हणून मी जिवंत आहे. बोललो नाही. मलाही ती पाठ दिसत होती ना डोळ्यापुढे. पुढे त्यांची बदली झाली. बरीच वर्षं झाली त्यांना जाऊन. त्यांच्या मुलाला मात्र मी जाऊन सगळं सांगितलं.

त्या मॅकडोनाल्डची मदत स्मिथपर्यंत वेळेत पोचली नाही, माझी पोचली. दोघं पळाले तेव्हा त्यांना दोघांनाही ते माहीत नव्हतं. मी एवढंच सांगतो.

---

पांदण

अण्णा, नमस्कार करतो.

---

कलम_तीनशेदोन

काका, हे लिहून दिलंत त्याबद्दल मनापासून आभार. त्या हवालदारांच्या मुलाला तुम्ही सांगितलंत, हे वाचून फार बरं वाटलं.

---

निशिगंध

अण्णा, मी दोनदा वाचलं. माझा वरचा प्रतिसाद बदलायला गेले, पण संपादनाची मुदत संपली आहे, त्यामुळे तो शब्द तिथे तसाच राहणार. तो मी मागे घेतला आहे. धागा पुढे वाचणाऱ्यांनी कृपया हा प्रतिसाद त्याच्यासोबत वाचावा.